घरात बसल्यावर मोबाईल-टॅबचं लोकेशन का चुकतं? ई-पीक पाहणीपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत सगळ्यांच्या कामाची माहिती

नकाशा उघडला की निळा ठिपका घरावर दिसायला हवा, पण तो दिसतो शेजारच्या आळीत, कधी ओढ्यापलीकडे, तर कधी थेट तालुक्याच्या गावात. ई-पीक पाहणीची नोंद करताना ॲप सांगतं, तुम्ही शेतापासून दूर आहात. घरकुलाचा फोटो अपलोड होतो, पण लोकेशन भलत्याच ठिकाणचं पडतं. अंगणवाडीतला किंवा शाळेतला टॅब तर गाव सोडून पुण्या-मुंबईचं नाव दाखवतो. मग माणूस म्हणतो, मोबाईल बिघडला, नाहीतर रेंज नाही, नाहीतर ॲपच खराब.

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. मोबाईल ठीक असतो, रेंजही असते. अडचण असते ती डोक्यावरच्या छपराची. जीपीएस ही यंत्रणा मुळात उघड्या आभाळाखाली वापरण्यासाठी आहे. ती कशी चालते हे एकदा समजलं की निम्म्या अडचणी जागेवर सुटतात.

लोकेशनवर आता काय काय अवलंबून आहे

पूर्वी लोकेशन लागायचं ते फक्त रस्ता शोधायला. आता तसं राहिलेलं नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची पद्धत आली. त्यात शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. ही नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाई, पीक कर्ज, हमीभावाने विक्री अशा कामांत कागद अडतो.

रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी फोटो आणि लोकेशनसह ॲपवर घेतली जाऊ लागली. १ जानेवारी २०२३ पासून ती सगळ्या कामांना सक्तीची झाली. हजेरी चुकली तर मजुरीचा प्रश्न येतो. घरकुलाचं बांधकाम कुठपर्यंत आलं हे दाखवायला प्रत्येक टप्प्याचा फोटो लोकेशनसह चढवावा लागतो आणि त्यावर पुढचा हप्ता ठरतो. रात्री-अपरात्री १०८ ला फोन केला तर गाडी वस्तीवर नेमकी पोचणं हेही बऱ्याचदा पाठवलेल्या लोकेशनवर असतं.

म्हणजे ठिपका पाचशे मीटर सरकला, तर त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते.

जीपीएस चालतं कसं

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. सुरुवातीला सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम थोडा बिघडवून दिला जायचा. मे २००० मध्ये ते बंद केलं आणि मग जगभर त्याचा वापर वाढला.

जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर हे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. किमान २४ उपग्रह लागतात, प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त चालू असतात. आजकालचे मोबाईल फक्त अमेरिकेचेच नाही, तर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू या उपग्रहांचेही सिग्नल घेतात. भारताची स्वतःची नाविक ही यंत्रणा आहे, तिचा पहिला उपग्रह इस्रोने १ जुलै २०१३ रोजी सोडला. काही मोबाईल नाविकचाही सिग्नल घेतात. बोलीभाषेत आपण या सगळ्यालाच जीपीएस म्हणतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोबाईल उपग्रहाला काही पाठवत नाही. उपग्रह सारखा सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता अमुक वेळ झाली आहे. मोबाईल ते फक्त ऐकतो. रेडिओसारखंच.

सिग्नल निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यातल्या फरकावरून मोबाईल अंतर काढतो. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. या हिशेबात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

आता अंतरावरून जागा कशी कळते? समजा कुणी फोनवर सांगितलं, मी खंडोबाच्या देवळापासून एक किलोमीटरवर आहे. एवढ्यावरून माणूस सापडणार नाही, कारण देवळाच्या चारही बाजूंना एक किलोमीटर आहे. त्याने पुढे सांगितलं, शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. आता दोनच जागा उरतात. तिसरी खूण सांगितली, पाण्याच्या टाकीपासून पाऊण किलोमीटर, की जागा पक्की. उपग्रहांचं असंच आहे. फरक एवढाच की मोबाईलमधलं घड्याळ उपग्रहातल्या घड्याळाइतकं अचूक नसतं, ती चूक काढायला आणखी एक उपग्रह लागतो. म्हणून किमान ४ उपग्रहांचा स्वच्छ सिग्नल मिळाला तरच ठिपका नीट पडतो. जास्त मिळाले तर आणखी चांगलं.

उघड्या आभाळाखाली चांगल्या मोबाईलची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास असते. म्हणजे सगळं नीट असतानासुद्धा १६ फूट इकडे-तिकडे होणारच.

घरात गेल्यावर काय बिघडतं

पहिलं कारण, सिग्नल फार क्षीण असतो. उपग्रहाची सिग्नल पाठवण्याची ताकद एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बच्या वॅटइतकीच असते, आणि तो येतो २० हजार किलोमीटरवरून. जमिनीवर पोचेपर्यंत तो अगदी नावाला उरतो. मोबाईलचा टॉवर एक-दोन, फार तर काही किलोमीटरवर असतो, त्यामुळे त्याची रेंज घरात मिळते. म्हणूनच रेंजच्या चार काड्या दिसतात आणि लोकेशन मात्र चुकतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं कारण, छप्पर. सगळी छपरं सारखी नसतात. पत्रा हा धातू असल्यामुळे तो सिग्नल परत फेकतो. पत्र्याच्या घरात जे काही येतं ते दार-खिडकीतून. स्लॅबच्या घरात काँक्रीट सिग्नल खातं आणि आतल्या सळ्या उरलेला अडवतात. दुमजली घरात खालच्या मजल्यावर तर दोन स्लॅब डोक्यावर असतात. जुन्या कौलारू घरात त्यामानाने जरा बरं, पण मातीच्या किंवा दगडी जाड भिंती बाजूचे उपग्रह अडवतातच.

तिसरं कारण, सिग्नलचा फिरून येणारा रस्ता. घरात थेट सिग्नल येत नाही, पण समोरच्या भिंतीवर, पत्र्याच्या शेडवर, उभ्या ट्रॉलीवर आपटून आलेला सिग्नल खिडकीतून आत येतो. हा सिग्नल लांबून फिरून आल्यामुळे त्याला वेळ जास्त लागलेला असतो. मोबाईलला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे. मग गणित चुकतं आणि आपण जागेवर बसलेलो असताना ठिपका या आळीतून त्या आळीत उड्या मारतो. विहिरीवर आवाज दिला की प्रतिध्वनी कुठून येतोय कळत नाही, तसाच हा प्रकार.

चौथं कारण, उपग्रह एकाच बाजूचे मिळणं. खिडकीला मोबाईल लावला तर चार-पाच उपग्रह दिसतातही, पण ते सगळे खिडकीच्याच बाजूचे. देऊळ, शाळा आणि टाकी तिन्ही गावाच्या एकाच कोपऱ्यात असतील तर त्यावरून जागा सांगणं अवघड होतं. उपग्रह आभाळभर पसरलेले मिळाले तरच उत्तर चांगलं येतं.

हाच नियम घराबाहेरही लागू होतो. माण-खटावच्या उघड्या माळावर ठिपका पटकन आणि नीट पडतो. पाटण, जावळीच्या अरुंद खोऱ्यात मात्र दोन्ही बाजूंचे डोंगर अर्धं आभाळ झाकतात. कराड-फलटण भागात डोक्याच्या वर गेलेल्या उसात आत शिरून लोकेशन घेतलं, तर ओली पानं सिग्नल कमी करतात. दाट आमराईत किंवा मोठ्या वडाखालीही तेच.

मग घरात ठिपका दिसतो तरी कसा

छपराखाली सिग्नल मिळत नसेल तर ठिपका दिसायलाच नको, असं कुणालाही वाटेल. पण मोबाईल हार मानत नाही. त्याच्याकडे दुसरे मार्ग असतात.

वाय-फाय : आजूबाजूला कुठले वाय-फाय राउटर आहेत हे मोबाईल तपासतो आणि कंपनीच्या साठ्यातल्या माहितीशी ताडून पाहतो. त्यासाठी त्या वाय-फायला जोडलेलं असायची गरज नसते. शहरात प्रत्येक घरात राउटर असल्यामुळे तिथे घरातही लोकेशन बऱ्यापैकी बरोबर येतं. खेड्यात राउटर मोजके, त्यामुळे हा आधार कमी पडतो. शिवाय पुण्यात वापरलेला राउटर कुणी गावाकडे आणून लावला, तर साठ्यातली माहिती बदलेपर्यंत तो टॅबला पुण्याचं लोकेशन देऊ शकतो.

मोबाईल टॉवर : कुठल्या टॉवरची रेंज आहे यावरून अंदाज काढला जातो. शहरात टॉवर जवळजवळ असतात. ग्रामीण भागात एकेक टॉवर बरीच गावं सांभाळतो, त्यामुळे चूक काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाते. डोंगरावरचा टॉवर पकडला तर ठिपका भलत्याच गावात पडतो.

इंटरनेटचा पत्ता : यातलं काहीच मिळालं नाही, तर इंटरनेट कुठून येतंय यावरून शहराचा अंदाज बांधला जातो. सेवा देणाऱ्या कंपनीचं केंद्र मुंबईत असेल तर लोकेशनही मुंबईचं दिसतं.

जुनं लोकेशन : नवीन काही सापडेपर्यंत मोबाईल शेवटचं माहीत असलेलं लोकेशन दाखवत राहतो. शेतातून घरी आलं तरी काही वेळ ठिपका शेतातच दिसतो, तो यामुळे. घरातून शेतात गेल्यावर लगेच ॲप उघडलं तर उलटंही होतं.

ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं, त्याचा अर्थ हाच आहे. मोबाईल सांगत असतो, तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात. वर्तुळ अंगणाएवढं असेल तर लोकेशन भरवशाचं. वर्तुळात अख्खं गाव बसत असेल, तर तो फक्त अंदाज आहे असं समजावं.

टॅबची अडचण वेगळीच

एकाच खोलीत मोबाईल जवळपास बरोबर दाखवतो आणि टॅब साफ चुकतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं. याचं कारण टॅबच्या आत आहे.

बाजारात दोन प्रकारचे टॅब मिळतात. सिमकार्ड टाकता येणारे आणि फक्त वाय-फायवर चालणारे. सिमच्या टॅबमध्ये साधारणपणे जीपीएसची चिप असते. फक्त वाय-फायच्या अनेक टॅबमध्ये ती नसतेच. ॲपलच्या आयपॅडमध्ये तर हा फरक ठरलेलाच आहे. सिमच्या आयपॅडला जीपीएस आहे, फक्त वाय-फायच्या आयपॅडला नाही. अशा टॅबला लोकेशन मिळतं ते फक्त वाय-फायच्या अंदाजावरून. तो मैदानात नेला तरी सुधारणा होत नाही, उलट मैदानात राउटर नसल्यामुळे आणखी बिघडतं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट टॅबला दिला की जीपीएसही मिळेल, असं अनेकांना वाटतं. हॉटस्पॉटने इंटरनेट मिळतं, जीपीएसची चिप मिळत नाही.

टॅबमध्ये चिप आहे का हे बघायचं असेल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत जीपीएस, ए-जीपीएस किंवा जीएनएसएस असा उल्लेख शोधावा. दुसरी पद्धत, उपग्रह दाखवणारं एखादं मोफत ॲप आधीच टाकून ठेवावं. मग वाय-फाय आणि डेटा बंद करून, लोकेशन चालू ठेवून टॅब मोकळ्या जागेत न्यावा. पाच मिनिटांत एकही उपग्रह दिसला नाही, तर चिप नाही असंच धरावं. शाळा, बचत गट किंवा ग्रामपंचायतीसाठी टॅब घेताना ही एक ओळ तपासली तरी पुढचा मनस्ताप वाचतो. शेतात किंवा बांधकामावर फोटो काढायचे असतील, तर सिमचाच टॅब घ्यावा.

मोबाईलच्या सेटिंगमध्ये काय बघायचं

कित्येकदा आभाळ मोकळं असतं, चिप असते, तरी लोकेशन चुकतं. तेव्हा पुढच्या गोष्टी तपासाव्यात. मोबाईलच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात.

१) ॲपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का? २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून परवानगी देताना दोन पर्याय येतात, अचूक आणि अंदाजे. घाईत अंदाजे वर बोट पडलं, तर त्या ॲपला मोबाईल मुद्दामच मोठ्या परिसरातलं ढोबळ लोकेशन देतो. मग शेताच्या मधोमध उभं राहिलं तरी उपयोग नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्यांत लोकेशन उघडावं आणि अचूक लोकेशन चालू करावं. आयफोनमध्येही असंच बटण आहे.

२) लोकेशन अचूकता चालू आहे का? अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग लोकेशन, मग लोकेशन सेवा या ठिकाणी गूगल लोकेशन अचूकता असा पर्याय असतो. तो चालू असला तर उपग्रहांबरोबर वाय-फाय आणि टॉवरचाही आधार घेतला जातो.

३) बॅटरी सेव्हर बंद करावा. बॅटरी वाचवण्याच्या नादात मोबाईल लोकेशनचं कामही कमी करतो.

४) तारीख आणि वेळ आपोआप वर ठेवावी. हाताने बदललेली वेळ असेल तर अनेक ॲप अडतात.

५) मागच्या कव्हरमध्ये धातूची पट्टी किंवा लोखंडी स्टँड असेल तर काढून बघावं. लोहचुंबक असलेल्या कव्हरने मोबाईलमधलं होकायंत्र बिघडतं, त्यामुळे ठिपका बरोबर असूनही दिशा उलटी दिसते. दिशा चुकत असेल तर मोबाईल हातात धरून हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीन वेळा फिरवावा.

शेतात नोंद करताना

लोकेशन लागणारं कुठलंही काम असलं तरी आधी नकाशा उघडून एक-दोन मिनिटं मोकळ्या जागेत थांबावं. याला कारण आहे. प्रत्येक उपग्रह आपली नेमकी जागा सांगणारी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवतो. इंटरनेट असेल तर मोबाईल ही माहिती नेटवरून काही सेकंदांत घेतो. रेंज नसलेल्या शिवारात ती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते आणि त्याला वेळ लागतो. मोबाईल बरेच दिवस बंद असेल तर आणखी जास्त. त्यामुळे शक्य असेल तर गावात रेंज असतानाच एकदा लोकेशन चालू करून नकाशा उघडावा आणि मग शिवारात जावं.

निळं वर्तुळ लहान झालं की मगच ई-पीक पाहणीचं ॲप उघडावं. फोटो उसाच्या आत शिरून किंवा बांधावरच्या झाडाखाली उभं राहून काढू नये. बांधावर मोकळ्या जागी, पण आपल्या गटाच्या आत उभं राहावं. मोबाईल हातात उघडा धरावा, वरची कड बोटांनी झाकू नये.

एवढं करूनही ॲप गटाच्या बाहेर आहात असं सांगत असेल, तर दोष मोबाईलचा नसेलही. जुन्या गाव नकाशावरून तयार झालेली गटाची हद्द आणि प्रत्यक्ष जमीन यांत काही ठिकाणी फरक असतो. अशा वेळी रोज शेतात चकरा मारण्यात अर्थ नाही. ॲपवर आलेल्या संदेशाचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट घ्यावा आणि मुदत संपायच्या आत गावचा पीक पाहणी सहायक किंवा तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) यांना दाखवावा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलं तर सर्व्हरवर गर्दी आणि लोकेशनची अडचण दोन्ही एकदम अंगावर येतात.

घरकुलाचा फोटो काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. भिंती आणि स्लॅब झाल्यावर आत उभं राहून लोकेशन घेतलं की ते सरकतं. आधी घरासमोर मोकळ्यात लोकेशन स्थिर होऊ द्यावं. रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेताना पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खोल चरात उभं राहण्यापेक्षा बाहेर मोकळ्यात यावं.

एक इशारा. पावसाळ्यात विजा चमकत असताना लोकेशनसाठी उघड्या रानात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. नोंद दुसऱ्या दिवशीही होते. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी हे मोफत ॲप आहे.

ॲम्ब्युलन्स किंवा पाहुण्यांना लोकेशन पाठवताना

व्हॉट्सॲपवर सध्याचं लोकेशन पाठवताना खाली किती मीटरपर्यंत अचूक आहे ते लिहून येतं. हा आकडा बघितल्याशिवाय लोकेशन पाठवू नये. आकडा शेकड्यात असेल तर अंगणात या, थोडं थांबा, आकडा दहा-वीसवर आला की पाठवा. रुग्णाजवळ एक माणूस ठेवून दुसऱ्याने बाहेर येऊन हे काम करावं.

आणि फक्त लोकेशनवर विसंबू नये. १०८ किंवा ११२ ला बोलताना गाव, वाडी, तालुका, जवळची ठळक खूण आणि रस्ता तोंडी सांगावा. एकाच नावाची गावं अनेक तालुक्यांत आहेत. फाट्यावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा करणं ही जुनी पद्धत आजही सगळ्यात खात्रीची आहे.

मळ्यात किंवा वस्तीवर राहणाऱ्यांनी घराचं लोकेशन एकदा दिवसा, अंगणात उभं राहून नीट घ्यावं आणि नकाशात जतन करून ठेवावं. घाईच्या वेळी तेच पाठवता येतं. भारतीय टपाल खात्याने डिजिपिन नावाचा १० अक्षरी पत्ताही आणला आहे. त्यात साधारण ४ मीटर बाय ४ मीटर एवढ्या प्रत्येक जागेला स्वतंत्र क्रमांक आहे. घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही अशा वस्त्यांना तो उपयोगी आहे. पण तो काढतानाही छपराखाली बसून काढला तर शेजाऱ्याचाच पत्ता मिळायचा.

बांधाचं भांडण मोबाईलवर सोडवू नका

मोबाईलवर शेत मोजणारी बरीच ॲप आहेत. औषध किती लागेल, बियाणं किती आणायचं एवढ्या अंदाजाला ती ठीक आहेत. पण हद्दीसाठी नाहीत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १० मीटर बाय १० मीटर. मोबाईलची उघड्यावरची चूकच ५ मीटरची, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या रुंदीएवढी. त्यावरून शेजाऱ्याने बांध कोरला असं म्हणणं म्हणजे विनाकारण वैर घेणं.

भूमी अभिलेख विभागाची सरकारी मोजणी रोव्हर यंत्राने होते. तेही उपग्रहांवरच चालतं, पण जमिनीवर कायम बसवलेल्या केंद्रांकडून त्याला सतत दुरुस्ती मिळते आणि चूक सेंटिमीटरमध्ये येते. मोबाईलमधली चिप आणि हे यंत्र यांची बरोबरी होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जीपीएसला इंटरनेट लागतं का?
नाही. उपग्रहाचा सिग्नल फुकट आणि नेटशिवाय मिळतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला आणि ठिपका लवकर सापडायला. तालुक्याचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही काम होतं.

आभाळ आलं, पाऊस पडतोय, म्हणून लोकेशन चुकतं का?
ढगांचा आणि पावसाचा या सिग्नलवर फारच थोडा परिणाम होतो. चिंब भिजलेल्या झाडीखाली मात्र फरक पडतो.

उपग्रहांमुळेच कधी बिघाड होतो का?
क्वचित. सूर्यावर मोठं वादळ झालं की वातावरणाच्या वरच्या थरात सिग्नल विस्कटतो. १० आणि ११ मे २०२४ ला असं झालं तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते. रोजच्या चुकीचं कारण मात्र हे नसतं.

महागडा मोबाईल घेतला तर घरात बरोबर येईल का?
चांगल्या मोबाईलची चिप क्षीण सिग्नलही पकडते आणि फिरून आलेला सिग्नल बऱ्यापैकी ओळखते. त्यामुळे थोडा फरक पडतो. पण पत्रा आणि स्लॅब तिथेच असतात. दहा हजार जास्त घालण्यापेक्षा दहा पावलं बाहेर येणं स्वस्त पडतं.

खोटं लोकेशन दाखवणारं ॲप वापरलं तर चालेल का?
अजिबात नाही. अनेक सरकारी ॲप असं लोकेशन ओळखतात आणि नोंदच घेत नाहीत. घेतली तरी ती खोटी नोंद ठरते आणि त्याचं उत्तर ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच द्यावं लागतं.

थोडक्यात

- लोकेशनचं काम नेहमी मोकळ्या आभाळाखाली करा. पत्रा, स्लॅब, झाड, उंच ऊस टाळा.
- ॲप उघडण्याआधी नकाशा उघडून एक-दोन मिनिटं एका जागी थांबा.
- निळं वर्तुळ लहान झालं की मगच फोटो किंवा नोंद करा.
- ॲपला अचूक लोकेशनची परवानगी द्या, बॅटरी सेव्हर बंद करा.
- टॅब घेताना जीपीएसची चिप आहे का ते आधी विचारा.
- नोंद अडली तर स्क्रीनशॉट घेऊन मुदतीच्या आत सहायक किंवा तलाठ्याला भेटा.
- ॲम्ब्युलन्स बोलावताना लोकेशनबरोबर पत्ता तोंडीही सांगा.

घरातल्या ज्येष्ठांना ॲप वापरताना अडचण येत असेल, तर शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी त्यांच्याबरोबर एकदा शेतात जाऊन वरच्या गोष्टी करून दाखवाव्यात. पीक पाहणीची मुदत प्रत्येक हंगामात ठरलेली असते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर न ढकलता आधीच उरकून घेतलेलं बरं.